सातच्या आत ६१७४

वहीचं शेवटचं पान उघडा. हो, तेच, जिथे मधल्या सुट्टीत फुली-गोळा चालतो. तिथे चार अंकी कुठलीही एक संख्या लिहा. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. ७७७७ चालणार नाही, ७७७८ चालेल.

सुचत नसेल तर मी देतो. १९४७ घ्या, इतिहासाच्या पुस्तकातलं पाठ न करताही लक्षात राहणारं साल. आता या संख्येचे अंक मोठ्याकडून लहानाकडे, म्हणजे उतरत्या क्रमाने लावा : ९७४१. मग चढत्या क्रमाने लावा : १४७९. आणि मोठीतून लहान वजा करा.

९७४१ – १४७९ = ८२६२

८२६२. बघून काही विशेष वाटत नाही. पण थांबू नका, या उत्तराचेही अंक तसेच लावा, तशीच वजाबाकी करा. मग त्या उत्तराची. मग त्याच्या उत्तराची.

८६२२ – २२६८ = ६३५४
६५४३ – ३४५६ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

आलं ६१७४. आणखी एकदा करू या.

७६४१ – १४६७ = ६१७४

अरेच्चा! पुन्हा तेच. आणखी केलं तरी तेच, रात्रभर करत बसलात तरी तेच. गाडी इथे येऊन थांबली ती थांबलीच.

आता तुम्ही म्हणाल, १९४७ मध्ये काहीतरी खुबी असेल. मग दुसरी घ्या. घरच्या स्कूटरच्या पाटीवरचे शेवटचे चार अंक घ्या, कोपऱ्यावरच्या रिक्षाचे घ्या, आजोबांच्या जन्माचं साल घ्या. ००४५ असा नंबर असला तरी बिनधास्त घ्या, फक्त पुढची शून्यं टाकून देऊ नका : ५४०० – ००४५ = ५३५५, आणि पुढे चला. या शून्यांवरून भलेभले घसरतात. समजा तुम्ही १११२ घेतली. २१११ – १११२ = ९९९. आता याला ‘नऊशे नव्व्याण्णव’ समजून तीन अंकांनी पुढे गेलात, तर ९९९ – ९९९ = ०, खेळ खलास. पण आपण चार घरांचा खेळ खेळतोय, म्हणून हे उत्तर ०९९९ असं लिहायचं. मग ९९९० – ०९९९ = ८९९१, तिथून ८०८२, तिथून ८५३२, आणि पुढचा मुक्काम तुम्हाला ठाऊकच आहे.

०००० पासून ९९९९ पर्यंत चार घरांच्या एकूण १०,००० संख्या. त्यांतल्या सारख्या अंकांच्या दहा काढल्या की उरतात ९,९९०. या ९,९९० पैकी कुठूनही निघा, तुम्ही ६१७४ ला पोचता. एकही संख्या भरकटत नाही, एकही दुसरीकडे अडकत नाही. आणि कितीही आळशी संख्या असली तरी तिला सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागत नाहीत. आठवी वजाबाकी करावी लागली, तर समजा की कुठेतरी हातचा विसरला.

ही गंमत शोधली ती आपल्याकडच्याच एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर त्यांचं नाव. जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. कॉलेजात असताना, १९२७ साली, त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले, आणि १९३० पासून थेट १९६२ ला निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले. ना पीएच.डी., ना विद्यापीठातली खुर्ची. कागद, पेन्सिल आणि आकड्यांचं विलक्षण वेड, एवढ्यावर त्यांनी संख्यांशी जन्मभर गप्पा मारल्या.

६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. १९५५ मध्ये ती ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आली. तरी आपल्याकडच्या मोठ्या गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुष्कळसं लिखाण त्यांना छोट्या-छोट्या पुस्तिका काढून स्वतःच प्रसिद्ध करावं लागलं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकानं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या गणिती गमतींच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि मग देवळालीचे मास्तर जगभर पोचले. त्या वेळी ते सत्तरीचे होते. आज ६१७४ ला सगळं जग ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतं.

आता एक गंमत दाखवतो. कापरेकरांच्या जन्माचं साल घ्या, १९०५.

९५१० – ०१५९ = ९३५१
९५३१ – १३५९ = ८१७२
८७२१ – १२७८ = ७४४३
७४४३ – ३४४७ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४

मोजा. बरोब्बर सात! सगळ्यात लांबची वाट. आता मद्रासच्या परिषदेचं साल, १९४९, तुम्ही करा. तेही सात. अंगावर काटा आला ना? ज्या माणसानं ६१७४ शोधला त्याचं जन्मसाल आणि शोध जाहीर केल्याचं साल, दोन्ही सगळ्यात लांबच्या वाटेवर!

काटा आला असेल तर खाली बसवा. त्याच कापरेकरांचं देवळालीत रुजू होण्याचं साल, १९३०, तीन वजाबाक्यांत पोचतं. निवृत्तीचं १९६२ तर दोनच. ती मी आधी दाखवली नाहीत, एवढंच. शिवाय सात वजाबाक्या लागणाऱ्या संख्या मुळीच दुर्मीळ नाहीत : ९,९९० पैकी तब्बल २,१८४ आहेत, म्हणजे पाचांत एकीहून जास्त. तुमच्या वर्गातल्या पंचवीस जणांनी मनाला येईल ती संख्या घेतली, तर पाच-सहा जणांना सात वजाबाक्या लागायला हरकत नाही. आकड्यांचे चमत्कार सांगणारं कुणी भेटलं, की त्यानं काय दाखवलं नाही ते आधी विचारायचं.

पण ६१७४ चा चमत्कार असा फुसका नाही. तिथे एकही संख्या लपवलेली नाही. सगळ्याच्या सगळ्या तिथेच जातात. का जातात?

बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट ‘जादू’ म्हणून सांगतात आणि इथेच थांबतात. मला त्याचा राग येतो. कारण हे ‘का’ समजायला पाचवीचं गणित पुरतं, आणि जादूपेक्षा ते जास्त मजेदार आहे.

१९४७ कडेच परत जाऊ. अंक आहेत ९, ७, ४, १. आधी ९ कडे बघा. उतरत्या क्रमात तो हजाराच्या घरात बसलाय, म्हणजे त्याची किंमत ९०००. चढत्या क्रमात तोच ९ एककाच्या घरात, किंमत नुसती ९. वजाबाकी झाल्यावर त्याच्या वाट्याला काय उरलं? ९००० – ९, म्हणजे ९ वेळा ९९९. आता १ कडे बघा. त्याचं बरोबर उलटं : वरच्या ओळीत एकक, खालच्या ओळीत हजार. त्याच्यामुळे एक वेळ ९९९ कमी होतात. दोघांचं मिळून झालं (९ – १) वेळा ९९९. मधल्या ७ आणि ४ चीही हीच कहाणी, फक्त त्यांची घरं शतक आणि दशक. १०० तून १० गेले की ९०. म्हणून त्यांचं झालं (७ – ४) वेळा ९०.

८ × ९९९ + ३ × ९० = ७९९२ + २७० = ८२६२

आलं की नाही तेच उत्तर? एकही हातचा न घेता!

आता या ओळीकडे नीट बघा. तिच्यात ९, ७, ४, १ कुठे दिसतात? कुठेच नाहीत. दिसतात फक्त ८ आणि ३. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकांतला फरक, त्याला आपण ‘बाहेरचा फरक’ म्हणू. मधल्या दोन अंकांतला तो ‘आतला फरक’. वजाबाकीला या दोन फरकांपलीकडे तुमच्या संख्येतलं काहीही कळत नाही. १९४७ च्या ऐवजी ९६३१ घेतलीत? बाहेरचा फरक ८, आतला ३ : ९६३१ – १३६९ = ८२६२. मग ८५२० घ्या : ८५२० – ०२५८ = ८२६२. बाहेर ८ आणि आत ३ असलेल्या अशा एकूण २४० संख्या आहेत, आणि पहिल्याच वजाबाकीत त्या सगळ्यांचं उत्तर एक होतं. पीटीच्या तासाला सर उंचीप्रमाणे रांग लावायला सांगतात, तेव्हा कोण कुठल्या बाकावर बसत होतं ते पुसलं जातं ना, तसंच इथे होतं. वजाबाकी तर त्याच्याही पुढे जाते. ती उंचीसुद्धा विसरते आणि उंच-बुटक्यातला फरक तेवढा लक्षात ठेवते.

मग असे फरक असू शकतात तरी किती? बाहेरचा फरक १ ते ९ पैकी काहीही. (० असता तर चारही अंक सारखे झाले असते, आणि ते आपण आधीच बाद केलेत.) आतला फरक ० पासून सुरू होतो, पण बाहेरच्यापेक्षा मोठा कधीच होऊ शकत नाही, कारण मधले अंक कडेच्या दोन अंकांच्या दरम्यानच असतात. बाहेरचा १ असेल तर आतला ० किंवा १, म्हणजे दोन जोड्या. बाहेरचा २ असेल तर तीन जोड्या. असं करत बाहेरचा ९ असेल तर दहा. २ + ३ + ४ + ५ + ६ + ७ + ८ + ९ + १० किती? ५४.

फक्त चोपन्न! ९,९९० संख्या एका वजाबाकीत ५४ उत्तरांवर येतात. आणि त्या ५४ मध्येही बऱ्याच जणी एकाच अंकांच्या असतात. ४१७६ आणि ६१७४ च बघा, रांगेत लावल्या की दोघीही ७६४१. अशा जुळ्या एकत्र बांधल्या की उरतात फक्त ३० गट. म्हणजे ‘कुठूनही निघा, ६१७४ लाच पोचाल’ हे माझ्यावर विश्वास ठेवून मानायची काही गरज नाही. दहा हजार वजाबाक्या करायचीही नाही. तीस वजाबाक्या करा, कुठून बाण कुठे जातो ते चित्रकलेच्या वहीच्या एका मोठ्या पानावर काढा, आणि तुमच्या हातात पक्की सिद्धता आली. रविवारची एक दुपार पुरे. बाणांच्या फांद्या-फांद्यांचं जे चित्र तयार होतं ते भिंतीवर लावण्यासारखं असतं.

ते चित्र काढताना एक युक्ती उपयोगी पडेल. वजाबाकीच्या उत्तरात पहिला आणि शेवटचा अंक मिळून नेहमी १० होतात, आणि मधले दोन मिळून ८. ८२६२ : ८ + २ आणि २ + ६. ३०८७ : ३ + ७ आणि ० + ८. ८३५२, ६३५४, ९३५१, कुठलंही तपासा. हे ८ आणि १० कुठून आले ते हातच्यांचा माग काढलात तर सापडेल. ते मी मुद्दाम सांगत नाही. याला अपवाद एकच. आतला फरक ० असेल, तर मध्ये दोन्ही ९ येतात आणि कडेचे दोन मिळून ९ होतात, उदाहरणार्थ ३९९६ किंवा १९९८. तुमचं उत्तर या दोन्हींत बसत नसेल, तर वजाबाकी चुकली. बाईंना वही दाखवायच्या आधीच चूक पकडता येते!

आणि ६१७४ जागचा का हलत नाही? त्याचे अंक ७, ६, ४, १. बाहेरचा फरक ६, आतला २. ६ × ९९९ म्हणजे ५९९४, त्यात २ × ९० म्हणजे १८० मिळवा : ६१७४. त्या ५४ जोड्यांमध्ये ‘६ आणि २’ ही एकच जोडी अशी आहे, की जिच्या उत्तरातून पुन्हा तीच जोडी निघते.

आता स्वस्थ बसवत नाही ना? चार अंकांचं झालं, मग तीन अंकांचं काय?

तीन अंकांत तर आणखी सोपं. मधला अंक दोन्ही वेळा दशकाच्याच घरात बसतो, त्यामुळे तो गळूनच जातो. उरतो फक्त बाहेरचा फरक, आणि तो ९९ पट होतो. म्हणजे एकूण नऊच उत्तरं : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. मधोमध सगळीकडे ९. यांतून सगळ्या वाटा ४९५ ला जातात, जास्तीत जास्त सहा वजाबाक्यांत. ९५४ – ४५९ = ४९५. ही सिद्धता तर रिक्षात बसल्या-बसल्या होईल.

दोन अंकांत मात्र फजिती होते. ०९ वरून ८१, ८१ वरून ६३, ६३ वरून २७, २७ वरून ४५, आणि ४५ वरून पुन्हा ०९. पाच संख्या एकमेकींच्या मागे गोल-गोल फिरत बसतात आणि कुणीच थांबत नाही.

पाच अंकांत तर एक नाही, तीन फेरे. सगळ्यात छोटा फेरा दोघींचाच : ५३९५५ चं होतं ५९९९४, आणि ५९९९४ चं पुन्हा ५३९५५. दुसरे दोन फेरे चार-चार जणींचे. त्यांतला एक ६१९७४ पासून सुरू होतो, दुसरा ६२९६४ पासून. पुढचे दुवे तुम्हीच जोडा. तर पाच अंकी संख्या घेतली, की ती या तीनपैकी कुठल्या ना कुठल्या फेऱ्यात सापडते आणि घुमत राहते. म्हणून चारचं कौतुक. सगळ्यांना एकाच ठिकाणी आणून थांबवणं हे तीन अंकांत जमतं, चार अंकांत जमतं, आणि पाचात बिघडतं.

एक गोष्ट इथे खरी-खरी सांगायला हवी. हे सगळं आपण संख्या दहाच्या हिशेबात, एकक-दशक-शतक अशा घरांत लिहितो म्हणून. लिहायची पद्धत बदलली की ६१७४ चं हे आसन जातं. काही गणितज्ञ अशा गोष्टींना नाक मुरडतात ते यामुळेच : हा संख्येचा गुण नाही, संख्येच्या पोशाखाचा आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खोटं नाही. पण पोशाखाची शिवण कशी बसते ते उसवून बघण्यात मजा नाही, असं कुणी सांगितलं?

आणि ६१७४ च्या पोशाखात आणखीही बरंच काही आहे. त्याच्या अंकांची बेरीज करा : ६ + १ + ७ + ४ = १८. आता ६१७४ ला या १८ ने भागा. नि:शेष भाग जातो, आणि उत्तर येतं ३४३. हा ३४३ म्हणजे ७ × ७ × ७. थांबा, अजून आहे. १८, १८ चा वर्ग ३२४, आणि १८ चा घन ५८३२. तिघांची बेरीज?

१८ + ३२४ + ५८३२ = ६१७४

ही बेरीज मला वजाबाकीच्या खेळाइतकीच आवडते, पण तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आपल्याच अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ असं नाव दिलं होतं. म्हणजे ६१७४ ही हर्षदसुद्धा आहे. रामानुजनच्या गोष्टीतल्या टॅक्सीचा नंबर, १७२९, तोही हर्षद : १ + ७ + २ + ९ = १९, आणि १९ × ९१ = १७२९.

नावं ठेवायची कापरेकरांना भारी हौस. रेल्वेच्या एका स्टेशनावरून त्यांनी ‘डेमलो’ संख्यांना नाव दिलं. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, ११११ × ११११ = १२३४३२१, असा चढत जाऊन उतरणारा जिना त्यांच्यात असतो. आणि ज्या गावात आयुष्य काढलं त्या गावाच्या नावानं त्यांनी ‘देवळाली’ संख्या केल्या. या संख्यांचं दुसरं नाव ‘स्वयंभू’. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा : २१ + २ + १ = २४. म्हणजे २४ ही २१ पासून जन्मली. पण २० कुणापासून जन्मली? शोधा, कुणीच सापडणार नाही. ३१ ला कुणी नाही, ४२ ला नाही, ५३ ला नाही. सालांतही अशी स्वयंभू सालं असतात. २००७ हे त्यांतलं एक. पुढची सगळी सालं कुणा ना कुणापासून जन्मलेली निघतात, आणि मग २०२२ पुन्हा स्वयंभू. घरात कुणी २०२२ मध्ये जन्मलेलं बाळ असेल, तर त्याला हे सांगून ठेवा. कळायला लागल्यावर भाव खाईल. त्यानंतरचं स्वयंभू साल कुठलं ते मात्र तुम्ही काढायचं. २०३० च्या पलीकडे बघा.

कापरेकरांचं नाव लागलेला आणखी एक प्रकार आहे, ‘कापरेकर संख्या’. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५, आणि त्यांची बेरीज करा : पुन्हा ४५. म्हणजे २०२५ या सालाच्या पोटातच ही गंमत बसलेली होती. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. बाकीचं तुम्ही करा.

पण आपण ६१७४ सोडून फार लांब आलो. त्याच्याबद्दलची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अजून सांगायचीच आहे. त्याला भावंडं आहेत!

६१७४ घ्या. ६ च्या पाठीमागे एक ३ घुसवा आणि ४ च्या आधी एक ६ घुसवा : ६३१७६४. झाली सहा अंकी संख्या. आता हिचे अंक रांगेत लावा.

७६६४३१ – १३४६६७ = ६३१७६४

हीसुद्धा जागची हलत नाही! आणखी एक ३ आणि आणखी एक ६ घाला : ६३३१७६६४.

७६६६४३३१ – १३३४६६६७ = ६३३१७६६४

हीपण नाही हलत. तीन अंकी ४९५ च्याही घरात असाच वंश आहे, ५४९९४५ आणि ५५४९९९४४५. यांत दर वेळी काय घुसवलंय ते ओळखा. फरक एवढाच, की या मोठ्या भावंडांना चौघांच्या घरातल्या थोरल्यासारखा दरारा नाही. सहा अंकी संख्या घेतलीत तर ती ६३१७६४ ला पोचेल, की ५४९९४५ ला, की आणखी एका सात जणींच्या फेऱ्यात सापडेल, ते तुम्ही कुठून निघालात त्यावर अवलंबून. आणि सात अंकांत स्थिर राहणारी एकही संख्या नाही. तिथे सगळ्याच जणी आठांच्या एका फेऱ्यात जाऊन फिरतात.

तरी ३ आणि ६ घुसवत गेलं, की ६१७४ चा वंश कुठेच तुटत नाही. दहा अंकी भावंड आहे ६३३३१७६६६४. बारा अंकी कोण ते लिहा, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, आणि वजाबाकी हातानंच करा. मधल्या घरांत हातचे कसे एकापाठोपाठ एक सरकत जातात ते बघितलंत, की वंश का तुटत नाही तेही तिथेच कळेल.